बहुतेक मालेगाव

"तुम्ही कुठले?" या प्रश्नाचं उत्तर ज्यांना एका शब्दात देता येतं, त्यांचा मला आयुष्यभर हेवा वाटत आला आहे. पुण्याचा माणूस 'पुणे' म्हणतो आणि सुटतो. (नंतरचा तासभर तोच बोलतो, पण तो भाग वेगळा.) मी 'मालेगाव' म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू पसरतं आणि तिथूनच माझी परवड सुरू होते.

"अच्छा, यंत्रमागवाले!"

"नाही, ते नाशिकचं. आमचं वाशीमचं."

"वाशीमध्ये मालेगाव आहे? कुठल्या सेक्टरला?"

"वाशी नव्हे हो, वाशीम. अकोल्याच्या खाली."

"अकोले माहीत आहे की! भंडारदऱ्याला जाताना लागतं ते."

एका वाक्यात तीन गावं सांगितली आणि तिन्ही वेळा माणूस दुसरीकडेच जाऊन बसला. मग मी हात टेकून 'शेगाव' म्हणतो. गजानन महाराजांचं नाव निघालं की समोरचा डोळे मिटून नमस्कार करतो, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांचा फायदा घेऊन मी विषय बदलतो. बारामतीकडे साखर कारखान्याचं एक मालेगाव आहे, नांदेडकडे खंडोबाच्या यात्रेचं एक आहे. आमच्या नावामागे कागदोपत्री 'जहांगीर' लागतं, पण लग्नपत्रिकेत ते कोणी छापत नाही. त्यामुळे आमच्याकडच्या लग्नाला निघालेला एखादा पाहुणा मनमाडला उतरला, असं दर दोन-चार वर्षांनी ऐकायला मिळतं.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. ती पुण्याला गणितात संशोधन करते. दिवाळीनंतर चार दिवस आमच्याकडे आली, ती एक वही, दोन पेनं आणि कुठेतरी लांब लागलेली नजर घेऊन. मी मराठीचा मास्तर, आता निवृत्त. गणिताशी माझा संबंध ऑफ तासापुरता. गणिताचे सर रजेवर असले की आठवीच्या वर्गात मला पाठवायचे, आणि मी फळ्यावर 'बहुपदी' हा शब्द लिहून त्याचा समास सोडवायला लावायचो. तरी मामा या नात्यानं विचारणं भाग होतं.

"काय चाललंय सध्या?"

"टोरसच्या क्रिया आणि बायरॅशनल नकाशे, मामा."

आमचे शेजारी तेव्हा ओट्यावर बसलेले होते. ते एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. मालेगावच्या स्टँडवर वर्षानुवर्षं माइकमधून गाड्या पुकारल्यामुळे त्यांचा आवाज अजूनही दोन गल्ल्या ऐकू जातो. ते म्हणाले, "बाय राशन? म्हंजे बायांचं कार्ड अलग निंगालं का आता?"

भाचीला याचा राग यायला हवा होता. तिनं वही मिटली आणि म्हणाली, "काका, राशनच आहे. मालाची वाटणी बरोबर होते, फक्त एखाद्या घरी पोचत नाही."

"मंग तं राशनच हाय," शेजारी समाधानानं म्हणाले.

समोरच्या प्लॉटवर त्या दिवशी घराचा पाया आखायचं काम चाललं होतं. गवंड्यानं दोरी ताणली, एका बाजूला तीन फुटांवर खूण केली, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर केली आणि तिरकं माप पाच फूट भरतंय का ते पाहिलं. भरलं. कोपरा गुण्यात आला. मग त्यानं मूठभर फक्की घेऊन रेघ ओढली. तीन-चार-पाच हे त्याला कुठल्या शाळेत शिकवलेलं नव्हतं, त्याच्या उस्तादानं शिकवलेलं होतं.

भाची उठली, अंगणातल्या मातीत काडीनं एक वर्तुळ काढलं. त्रिज्या एक. "मामा, वर्तुळाच्या अगदी डाव्या टोकाला उभे राहा. तिथून एक रेघ मारा. रेघ वर्तुळाला आणखी एकाच जागी कापेल. रेघेचा चढ तुम्ही ठरवायचा. दोन पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर, म्हणजे चढ एक-द्वितीयांश. ती रेघ जिथे वर्तुळाला भेटते तिथलं आडवं माप येतं तीन-पंचमांश आणि उभं माप चार-पंचमांश."

तीन, चार, पाच. मी समोरच्या पायाकडे पाहिलं.

"आता चढ दोन-तृतीयांश घ्या. पाच, बारा, तेरा. चढ एक-चतुर्थांश घ्या. आठ, पंधरा, सतरा. शून्य आणि एक यांच्या मधला कोणताही अपूर्णांक टाका, काटकोन त्रिकोण बाहेर पडतो. सरळ रेषेवर एक संख्या निवडली की वर्तुळावर एक जागा मिळते. उलट, वर्तुळावरची जागा सांगितली की चढ सांगता येतो. जाणंही अपूर्णांकांनी आणि येणंही अपूर्णांकांनी. म्हणून 'बाय'. शाळेत परिमेय संख्या शिकलात ना? तसंच हे दोन्हीकडून परिमेय."

"म्हणजे सरळ रेषा आणि वर्तुळ एकच?"

"बहुतेक. एक बिंदू सोडून."

"कोणता?"

"तुम्ही उभे आहात तो. तिथे परत यायचं तर रेघ सरळ उभी करावी लागते, आणि उभ्या रेघेचा चढ कोणत्याच संख्येत बसत नाही. अपूर्णांकाचा छेद शून्य होतो."

मला एकदम आमच्या घरातले जुने फोटो आठवले. त्यात सगळे आहेत, अगदी मांडवातला आचारीसुद्धा आहे, फक्त कॅमेरा आणणारे धाकटे काका एकाही फोटोत नाहीत. सगळ्यांना ज्यानं दाखवलं तोच नकाशातून गळाला.

'बहुतेक' हा शब्द मी आयुष्यभर मुलांच्या निबंधांतून लाल शाईनं खोडत आलो. 'बहुतेक माणसे दोन पायांवर चालतात' असं एकानं लिहिलं होतं तेव्हा तर मी त्याला उभं केलं होतं. भाचीचं सगळं शास्त्र या एका शब्दावर उभं आहे हे ऐकून मला त्या मुलाची माफी मागावीशी वाटली. ती सांगत होती की दोन आकार जुळतात का हे पाहताना हे लोक काही मोजक्या जागा सोडून देतात. एखादा बिंदू, एखादी रेघ. उरलेला भाग चोख जुळला की दोघांना 'बायरॅशनल' म्हणतात आणि एका कुळात घालतात. सोडलेल्या जागा मात्र विसरत नाहीत. त्यांची यादी ठेवतात, आणि खरं काम त्या यादीवरच चालतं. आपल्याकडे सोयरीक जमवताना हेच होतं. स्थळ सगळ्या बाजूंनी चांगलं असतं, 'फक्त एक आहे' असं म्हणून मध्यस्थ आवाज खाली आणतो, आणि पुढची दोन तासांची बैठक त्या एकावरच होते.

आम्ही स्वतः या प्रकारातून गेलेलो आहोत. १ जुलै १९९८ ला अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. आदल्या रात्री आम्ही अकोला जिल्ह्यात झोपलो आणि सकाळी वाशीम जिल्ह्यात उठलो. कडुनिंब जागेवर, हापशी जागेवर, हापशीवरचं भांडणही जागेवर. काही पाट्या आणि शिक्के सोडले तर दोन्ही मालेगावं चोख जुळत होती. गंमत म्हणजे पुढची कित्येक वर्षं गावात जी काही चर्चा झाली ती त्या पाट्या-शिक्क्यांचीच झाली.

टोरसचं प्रकरण जेवणानंतर निघालं. भाचीनं हवेत गोल काढून दाखवला आणि हिला, म्हणजे तिच्या मामीला, लगेच कळलं. "चुंबळ!" ही म्हणाली. हिच्या माहेरी विहीर लांब होती. जुन्या लुगड्याची गुंडाळी करून डोक्यावर ठेवायची, वर घागर. मधे भोक असलेला तो गोल आकार म्हणजेच टोरस. मेदूवडाही चालला असता, पण चुंबळीला मान मिळाला म्हणून ही खूश झाली.

"पण आमचा टोरस इतका साधा नसतो," भाची म्हणाली. "आमच्याकडे टोरस म्हणजे शून्य सोडून उरलेल्या सगळ्या संख्या, गुणाकारासाठी एकत्र आलेल्या. संख्याही वर्गमूळ-बिर्गमूळवाल्या, पूर्ण कागदभर पसरलेल्या. त्यातून शून्य काढलं की कागदाला मधोमध भोक पडतं. असे दोन कागद घेतले की त्यांच्या गाभ्यात मामीची चुंबळ सापडते."

"शून्यानं काय घोडं मारलं?"

"पाचानं गुणलं तर पाचानं भागून परत येता येतं. शून्यानं गुणलं की परतीचं तिकीट नाही. म्हणून टोरसमध्ये शून्याला बंदी."

भास्कराचार्यांनी छेदात शून्य आलेल्या राशीला 'खहर' असं नाव दिलं होतं. तिच्यात काही मिळवा, काही काढा, ती ढळत नाही. प्रलयात आणि सृष्टीच्या वेळी एवढे जीव येतात-जातात पण विष्णू जसा तसाच राहतो, अशी उपमा 'बीजगणितात' आहे. ही उपमा देणारा माणूस सह्याद्रीच्या पायथ्याचा होता याचा मला मराठीचा मास्तर म्हणून जास्त अभिमान आहे. आताचे लोक छेदात शून्य आलं की 'व्याख्या नाही' एवढंच म्हणून वही मिटतात. विष्णू वगैरे काही नाही.

टोरस 'क्रिया' करतो म्हणजे काय, तेही मला वावरावरून कळलं. भाचीनं एक तिकोनी वावर काढलं. तीन धुरे, तीन कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात हद्दीचा दगड. "टोरस हे वावर रबरासारखं ताणतो. एका अंगानं एका संख्येपट, दुसऱ्या अंगानं दुसरीपट. वावराच्या आत उभा असलेला माणूस या ताणाताणीत आतल्या कोणत्याही जागी पोचू शकतो. धुऱ्यावरचा माणूस धुऱ्यावरच सरकतो, आत येऊ शकत नाही. कोपऱ्यावरचा दगड हलतच नाही."

मी म्हटलं, हे तर आमचं घरच आहे. पोरं वाट्टेल तिथे फिरतात, आम्ही दोघं स्वयंपाकघर ते ओटा या धुऱ्यावर, आणि आमची आजी कोपऱ्यातल्या खाटेवर. आजी कोपऱ्यात असते म्हणून घराला आकार आहे, हे मात्र भाचीनं जोडलं. या शास्त्रात हललेल्यांपेक्षा न हललेल्यांनाच जास्त किंमत आहे म्हणे. स्थिर बिंदू कुठे कुठे आहेत आणि त्यांच्या आसपास ताण कसा पडतो एवढं कळलं की सगळ्या वावराचा हिशेब पुष्कळसा लागतो.

दुसऱ्या दिवशी हिनं पाटवडी केली. बेसन शिजवून ताटात थापायचं, वरून खोबरं-कोथिंबीर, सुरीनं चौकटी पाडायच्या आणि झणझणीत रश्श्यात सोडायच्या. ताटाच्या कडेला नेहमी दोन-चार तिकोनी तुकडे उरतात. ते पोरांचे, असा घरचा नियम. भाचीनं त्यातला एक उचलला. एक बाजू जरा वाकडी होती. "चालतं," ती म्हणाली. तिनं सुरीनं त्रिकोणाचा एक कोपरा छाटला. "हे बघा मामा. इथे आधी एक टोक होतं, बिंदू. आता तिथे एक बाजू आली, रेघ. बिंदूच्या जागी त्या बिंदूतून निघणाऱ्या सगळ्या दिशा मांडून ठेवल्या. याला ब्लो-अप म्हणतात."

पूर्वी स्टुडिओत आजोबांच्या पासपोर्ट फोटोचा ब्लो-अप करून हार घालायला देत, तो शब्द मला माहीत होता. हा प्रकारही तसाच निघाला. ठिपका इतका मोठा करायचा की त्यात दडलेलं सगळं वेगवेगळं दिसावं. एका बिंदूत दोन रस्ते एकमेकांना कापत असतील तर ब्लो-अप केल्यावर त्यांचे चढ वेगळे म्हणून ते वेगळ्या उंचीवर जातात आणि टक्कर मिटते. म्हणजे उड्डाणपूल. आमच्या गावात नागपूर–मुंबईचा जुना रस्ता आणि अकोला–वाशीमचा रस्ता एकमेकांना भेटतात. त्या चौकात संध्याकाळी उभं राहिलं की ब्लो-अपची गरज कोणालाही पटेल.

भाचीनं तोवर उरलेले दोन्ही कोपरे छाटून खाल्ले होते. त्रिकोणाचा षट्कोन झाला. तीन बाजू जुन्या, तीन नव्या, एकाआड एक. "आता जुन्या तिन्ही बाजू आक्रसवून बिंदू करायच्या," ती म्हणाली, पण पाटवडी आक्रसत नाही, म्हणून हवेतच करून दाखवलं. नव्या तीन बाजू लांबत जाऊन एकमेकींना भेटल्या आणि पुन्हा त्रिकोण झाला, पण उलटा. जिथे कोपरे होते तिथे बाजू आणि बाजू होत्या तिथे कोपरे. इटलीच्या लुईजी क्रेमोना यांनी १८६३ पासून अशा उलटापालटींचा पद्धतशीर अभ्यास मांडला. सूत्र तर हसू येईल इतकं सोपं आहे. प्रत्येक संख्येच्या जागी तिचा व्यस्त लिहायचा, दोनाच्या जागी एक-द्वितीयांश. टोरसच्या आत हे अगदी बिनबोभाट चालतं, कारण तिथे शून्य नाहीच. सगळा गोंधळ धुऱ्यावर. आमच्या तालुक्यातले दिवाणी दावेही धुऱ्यावरच उभे असतात. वावराच्या मधोमध कोणी कोणावर फिर्याद केल्याचं मी ऐकलेलं नाही.

या विद्येत आपल्याकडचं कोणी आहे का, असं मी विचारलं. असं विचारल्याशिवाय मराठी माणसाला घास उतरत नाही. भाचीनं लगेच श्रीराम अभ्यंकरांचं नाव घेतलं. जन्म १९३० चा, उज्जैनचा. वाढले ग्वाल्हेरला, वडील गणिताचे प्राध्यापक. मुंबईत शिकून हार्वर्डला गेले आणि ऑस्कर झारिस्की यांच्या हाताखाली १९५५ मध्ये डॉक्टरेट घेतली. वक्र पृष्ठभागांवर टोकं असतात, घड्या असतात, स्वतःलाच कापणाऱ्या जागा असतात. अशा विलक्षण बिंदूंना पुन्हा पुन्हा ब्लो-अप करून पृष्ठभाग गुळगुळीत करता येतो का, हा प्रश्न. नेहमीच्या संख्यांसाठी झारिस्कींनी पृष्ठभागांचं उत्तर काढलेलं होतं. पण काही संख्याव्यवस्था अशा असतात की तिथे एक स्वतःमध्ये ठरावीक वेळा मिळवला की शून्य होतो, आपल्या घड्याळात बारानंतर काटा पुन्हा तिथेच येतो तसा. तिथे सगळ्या नेहमीच्या युक्त्या आडव्या होतात. अभ्यंकरांनी तिथे पृष्ठभाग सोडवून दाखवले, पुढे १९६६ पर्यंत तीन मितींपर्यंत मजल मारली. त्यापुढची वाट या घड्याळी जगात अजून बंदच आहे.

आयुष्य अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात गेलं, तरी १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं. २०१२ मध्ये गेले. शाळेतल्या बीजगणितावर त्यांचा फार विश्वास होता. भारी भारी सिद्धांतांची फौज उभी करण्यापेक्षा बहुपदी हातात घेऊन बसा, आकडेमोड करा, असा त्यांचा पंथ. हे ऐकल्यापासून मला माझे ते ऑफ तास अगदीच वाया गेले असं वाटत नाही. निदान शब्द तरी मी बरोबर लिहीत होतो.

माझी मात्र एका ठिकाणी गाडी अडली होती. टोरस समजला, बायरॅशनलही समजलं, पण दोघांचा संबंध फक्त त्या पाटवडीपुरताच का? भाची म्हणाली की खरी गंमत पुढेच आहे, आणि तिनं पाण्यापासून सुरुवात केली. आमचा भाग पाणलोटाच्या माथ्यावर आहे. वाशीमजवळच्या काट्याकडे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला अकोल्याकडे उतरते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि ते पाणी अरबी समुद्रात जातं. माथ्याच्या दक्षिणेला पडलेला थेंब पैनगंगेतून वर्धेला, तिथून प्राणहितेला आणि गोदावरीला लागून बंगालच्या उपसागरात. हातभर अंतरावर पडलेल्या दोन थेंबांची अशी ताटातूट आमच्याकडे दर पावसाळ्यात होते. टोरसमधली एकच संख्या घेऊन तिला हळूहळू शून्याकडे नेलं की प्रत्येक बिंदू असाच वाहत जातो आणि कुठल्या तरी स्थिर बिंदूला जाऊन लागतो. बियाविनित्स्की-बिरुला या पोलिश गणितज्ञानं १९७३ मध्ये याचा नियम बांधला. कोण कोणाच्या पाणलोटात, एवढ्यावरून सगळ्या आकाराची वाटणी होते.

"आता या प्रवाहाला मधेच आडवी दोरी लावा," भाची म्हणाली, "आणि दोरी ओलांडणाऱ्या वाटांची यादी करा. मग दोरी पुढे सरकवा, पुन्हा यादी करा. मधे स्थिर बिंदू नसेल तर दोन्ही याद्या सारख्या. मधे स्थिर बिंदू लागला तर..."

ती पुढचं बोलायच्या आत शेजाऱ्यांचा आवाज आला. ते ऐकत होते हे आम्हाला माहीतच नव्हतं.

"हे तं कारंजा आन् मेहकरचा बोर्ड झाला ना!"

आणि मग त्या माणसानं जे सांगितलं त्यानं भाची वही उघडून लिहायलाच बसली. ते म्हणाले, समजा नागपूरकडून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या पाहा. कारंज्याच्या स्टँडवर एक बोर्ड, मेहकरच्या स्टँडवर एक बोर्ड. मधे आपलं मालेगाव. जी गाडी कारंज्याहून निघून थेट पुढे जाते ती दोन्ही बोर्डांवर असते. बहुतेक गाड्या त्याच. पण जी गाडी मालेगावात येऊन संपते ती फक्त कारंज्याच्या बोर्डावर, आणि जी मालेगावातून सुटते ती फक्त मेहकरच्या. म्हणजे दोन्ही बोर्ड जुळतात, फरक पडतो तो आपल्या स्टँडमुळे.

"काका," भाची म्हणाली, "मालेगाव स्टँड हा स्थिर बिंदू आहे."

"तो तं तीस वर्षं हललाच नाही," शेजारी म्हणाले.

तिनं मग उरलेलं भरून काढलं. स्थिर बिंदूत येऊन संपणाऱ्या वाटा यादीतून गळतात, तिथून निघणाऱ्या वाटा त्यांच्या जागी येतात. बाकी यादी जशीच्या तशी. एकच गाडी येऊन संपली आणि तिच्या बदल्यात गाड्यांचा ताफा सुटला तर तो ब्लो-अप. ताफा येऊन संपला आणि एकच गाडी पुढे सुटली तर उलटं, पाटवडीची बाजू आक्रसली. नागपूरच्या बोर्डाची छत्रपती संभाजीनगरच्या बोर्डाशी तुलना केली तर फरक डोळ्यांत मावणार नाही, पण तो फरक एकदम झालेला नसतो. प्रत्येक स्टँडनं आपापला थोडा थोडा केलेला असतो. कारंजा, शेलुबाजार, मालेगाव, डोणगाव, मेहकर असे एकेक टप्पे मोजत गेलं की हिशेब जुळतो.

गणितात ही गोष्ट सिद्ध व्हायला फार दिवस गेले. आपल्या नेहमीच्या संख्यांच्या जगातले कोणतेही दोन गुळगुळीत, बंदिस्त आकार बायरॅशनल असतील, तर एकाचा दुसरा करायला साधे ब्लो-अप आणि त्यांचे उलटे यांची मर्यादित रांग पुरते. अब्रामोविच, कारू, मात्सुकी आणि व्लोदार्चिक या चौघांचा हा सिद्धांत २००२ मध्ये छापून आला. त्याआधी व्लोदार्चिक यांनी जी युक्ती काढली होती ती म्हणजे आमच्या शेजाऱ्यांची: दोन आकारांच्या मधे एक मोठा रस्ता बांधायचा, त्यावर टोरसला वाहतूक चालवायला लावायची, आणि मधल्या स्टँडांवर लक्ष ठेवायचं. चौघांपैकी मात्सुकी पर्ड्यूचे, म्हणजे अभ्यंकरांच्याच विद्यापीठातले. आधी सगळे ब्लो-अप उरकून घ्यायचे आणि मग सगळे उलटे, इतक्या शिस्तीत हे होतं का, ते तीन आणि त्याहून जास्त मितींत अजून कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. शेजारी म्हणाले, सगळ्या गाड्या आधी येऊ द्यायच्या आणि मग सोडायच्या, असं एका साहेबानं एकदा करून पाहिलं होतं. स्टँडवर जागाच उरली नाही.

आता समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो. ७०१ किलोमीटरांचा रस्ता, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये पुरा. त्यावरून जाणाऱ्या गाड्या आमच्या स्टँडला स्थिर बिंदू वगैरे काही मानत नाहीत. शेजारी संध्याकाळी फिरायला म्हणून जुन्या रस्त्याकडे जातात आणि पाच-सहा गाड्यांचे बोर्ड वाचून परत येतात.

भाची परत जायला निघाली तेव्हा आम्ही तिघं तिला सोडायला गेलो. शेजाऱ्यांनी गाडीचा बोर्ड वाचला, वेळ सांगितली आणि गाडी सव्वा दहा मिनिटं उशिरा आहे हेही सांगितलं. तिनं खिडकीतून ओरडून कबूल केलं की अभ्यंकरांवरचं एक मराठी पुस्तक पुण्याहून पाठवते, मोठ्या अक्षरातलं, चष्मा नको.

आठ दिवसांनी मोबाइलवर निरोप आला: तुमचं पार्सल मालेगावात पोचलं आहे. दिवसभर वाट पाहिली. संध्याकाळी दिलेल्या नंबरवर फोन केला तर पलीकडचा पोरगा म्हणाला, "काका, मी मोसम पुलापाशी उभा आहे, तुमचं घर कुठल्या बाजूला?" मोसम नदी नाशिकच्या मालेगावातून वाहते.

शेजारी ओट्यावरूनच ओरडले, "आलं का पुस्तक?"

"आलं," मी म्हटलं, "बहुतेक."